चादर बदलू नकोस

१२ फेब्रुवारी

मायना लिहिलेला नाही. काय लिहावा ते ठरेना, आणि ठरेपर्यंत थांबले असते तर पत्र राहूनच गेलं असतं.

पत्ता तुझ्या पार्सलावरून घेतला. दर वर्षीची पार्सलं मिळतात. कपडे पोरीला बसतात.

निरोप द्यायचा आहे म्हणून लिहिते. धाकटीला दिवस गेले आहेत. मेच्या मध्यावर तारीख आहे. सुरुवातीला उलट्यांनी हैराण झाली होती, आता भूक लागते. नवरा काळजी घेतो, जरा जास्तच घेतो. ती जिना उतरायला लागली की हा तिच्यापुढे उलटा चालतो, पडली तर झेलायला. ती म्हणते, "अहो, तुम्हीच पडाल आणि मलाच झेलावं लागेल."

मुद्दा असा की बाळंतपणाला ती तिथेच जाणार म्हणते. त्याच दवाखान्यात, तुझ्या वॉर्डात. सगळ्यांनी सांगून पाहिलं. जावई दोन खाजगी दवाखाने बघून आले, एकात तर खोलीत टीव्ही आहे. ही त्यांच्याबरोबर गेली आणि तिथल्या बाईंना विचारलं, रक्त लागलं तर कुठून आणता? त्या म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यातून मागवतो. ही म्हणाली, "मग मी मोठ्या दवाखान्यातच जाऊन पडते ना, तुमचा हेलपाटा वाचेल." 

पण तिची एक अट आहे. मावशी बरोबर असली पाहिजे.

मी म्हटलं, मावशी कशाला, मी आहे की. तर म्हणाली, "आई, ताईच्या वेळी आत काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेलं एकच माणूस आपल्या घरात आहे. आणि तू त्याच्याशी बोलत नाहीस."

तुझ्या वॉर्डातून मी थोरलीचं बाळ घेऊन आले आणि थोरलीला घेऊन आले नाही, त्याला आता तीन वर्षं झाली. पोर चांगली आहे. बोलते खूप. थोरलीच्या यजमानांनी मागल्या वर्षी पुन्हा संसार मांडला. बरं केलं. सुट्टीला येऊन पोरीला भेटतात.

मी फक्त निरोप पोचवला. यात माझं मत धरू नये.

धाकटीची आई


२ मार्च

तुझं उत्तर मिळालं. "मी येणार नाही. माझ्या हाताला यश नाही. तिला दुसरीकडे ने." एवढंच. अक्षर मात्र तेच, ओळी पट्टीवर आखल्यासारख्या. बाबांनी तुझं नाव इस्त्री उगाच नव्हतं ठेवलं. शाळेला जाताना रिबिनीलासुद्धा इस्त्री लागायची तुला.

धाकटीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हाताला यश नाही म्हणजे काय? हात लावू नकोस म्हणावं. नुसती बस म्हणावं."

शुक्रवारी तिला तपासायला घेऊन गेले. तीन वर्षांत त्या जिन्याला पाय लावला नव्हता. रंग बदललाय, भिंतीला आता फिकट हिरवा आहे. बाकडी तीच. वॉर्डाच्या दारातल्या काचेच्या कपाटात ती ढाल नाही. वर्षानुवर्षं स्वच्छ वॉर्डाची ढाल तुझ्याकडेच यायची, इतर वॉर्डवाल्या म्हणायच्या की आता ती तिथेच चिकटली, काढायला पहार लागेल. कपाटात आता कुणाची तरी छत्री ठेवलेली होती.

तुझी ती उंच मुलगी, जिला तू शिडी म्हणायचीस, ती आता वॉर्ड सांभाळते. मला पाहून आधी पळालीच. मग परत आली.

"काकू, बसा. पाणी देऊ?"

"नको. कशी आहेस?"

"कशी असणार? सिस्टर वॉर्ड सोडून गेल्यापासून इथली रया गेली. आता नव्या डॉक्टरबाई आल्यात. त्यांचं फर्मान आहे, बाळंतिणीचा एकही कपडा खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही. बादलीत टाकायचा, झाकण लावायचं आणि काट्यावर वजन करायचं. बोला! एवढं शिकून भंगारवाल्यासारखं तोलत बसायचं. सिस्टरांनी एक नजर टाकली असती ना, सगळ्यांना पळता भुई थोडी झाली असती."

मी विचारलं, वजन कशाला करायचं?

"रक्त किती गेलं ते कळायला. आता ते काय आम्हाला दिसत नाही होय? दिसतंच की."

एवढ्यात डॉक्टरबाई आल्या. वयाने थोरलीएवढ्याच. हातात चहाचा कप होता, तो शेवटपर्यंत हातातच राहिला, प्यायल्या नाहीत. धाकटीला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. बाळ बाहेर आलं की बाईच्या खाली एक प्लास्टिकची झोळी सरकवतात. तिला मापाच्या रेघा असतात. जाणारं रक्त तिच्यात जमतं. पहिल्या रेघेला सगळे सावध होतात. लाल रेघेला आलं की घंटा वाजवायची आणि पोट चोळणं, इंजेक्शन, सलाईन, सगळं एकदम सुरू करायचं. कुणाची वाट बघायची नाही, थोडं थांबून बघू म्हणायचं नाही.

धाकटी म्हणाली, मग सोपं आहे.

"सोपं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण हात ऐकत नाहीत. कपडा भिजलेला दिसला की इथल्या प्रत्येकीचा हात आपोआप जातो. मी मागे वळेपर्यंत बाई स्वच्छ, चादर कोरी. पूर्वीच्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे. फार चांगल्या सिस्टर होत्या म्हणतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या तुमच्या बहीण ना? त्या येऊन एकदा सांगतील तर यांना पटेल. माझं यांना पटत नाही."

मी सांगितलं, आम्ही बोलत नाही.

"कधीपासून?"

"तुमच्या वॉर्डापासून," मी म्हटलं.

त्यांनी धाकटीचा कागद पुढे ओढला. त्यांना माहीत असावं.

मला हे सगळं तुला कळवायचं नव्हतं. पण धाकटी म्हणाली, लिही, म्हणून लिहिलं.

ताई


१९ मार्च

आज जरा मोठं पत्र होईल.

डॉक्टरबाईंनी वॉर्डातल्या सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बोलावलं होतं, आणि या महिन्यात तपासायला येणाऱ्या बायकांच्या घरच्यांनाही. मला जायचं नव्हतं. धाकटीने रिक्षा बोलावून ठेवली होती, म्हणून गेले.

खाटेवर कापडाची बाहुली निजवली होती, बाईएवढी. डॉक्टरबाईंनी एका भांड्यात लाल रंगाचं पाणी कालवलेलं होतं. थोडं चादरीवर ओतलं आणि बाहेरून एका नर्सला आत बोलावलं. विचारलं, किती आहे? ती म्हणाली, थोडंसंच, एवढं होतंच. मग ती चादर काढून ट्रॉलीत टाकली. बाहुलीला पुसलं, कोरी चादर घातली, पुन्हा थोडं ओतलं. दुसऱ्या नर्सला बोलावलं. तीही म्हणाली, काही विशेष नाही. असं होत राहिलं. शेवटी शिडी आली. तिने चादरीचा कोपरा उचलून पाहिला, म्हणाली, "वाटीभर असेल. घाबरायचं कारण नाही."

मग डॉक्टरबाईंनी ट्रॉली ओढली आणि सगळ्या चादरी काढून जमिनीवर एकीशेजारी एक पसरल्या. हॉलच्या दारापर्यंत गेल्या त्या. भांडं उलटं करून दाखवलं. रिकामं होतं.

"बाई गेली," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्यापैकी कुणी चुकलं नाही. जे दिसलं ते प्रत्येकीने खरं सांगितलं."

मागच्या ओळीत कुणीतरी हसत होतं, ते थांबलं. शिडी खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावली. धाकटीने माझा हात धरला, पण मला हात नको होता म्हणून सोडवून घेतला.

माझी सगळी नोकरी इंजिनियर लोकांनी काढलेले नकाशे गिरवण्यात गेली. मला समोरचं जसंच्या तसं उतरवता येतं, त्याचा अर्थ लावणं हे माझं काम नव्हतं. त्या दिवसाचंही तसंच झालं होतं. सगळं माझ्याजवळ होतं. दुपारी मी आत डोकावले तेव्हा थोरली पांढऱ्याशुभ्र चादरीवर पडली होती. तू तिचे केस विंचरून वेणी घातली होतीस. ती म्हणाली, "आई, मावशीने मला नवरीसारखं नटवलंय बघ. फक्त थंडी वाजतेय." तू कपाटातून घडीचं पांघरूण काढून तिच्या अंगावर घातलंस. मी बाळाला घेऊन बाहेर बसले. त्यानंतर तुम्ही सगळ्या पळायला लागलात आणि थोड्या वेळाने पळायच्या थांबलात.

व्हरांड्यात तू मला एकच वाक्य बोललीस. "ताई, मी तिला एकदाही डागात ठेवलं नाही गं."

मला तेव्हा वाटलं, माझी मुलगी गेली आणि ही आपल्या कामाची फुशारकी सांगते. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. तू दोनदा घरी आलीस, मी दार उघडलं, तू बसलीस, मी आत भांडी घासत राहिले. तिसऱ्यांदा आली नाहीस.

चौकशी झाली तेव्हा कागद आला की कुणाचा हलगर्जीपणा नाही. तो मी वाचून ठेवून दिला. हलगर्जीपणा नव्हताच. उलट होतं. ते मला आज त्या हॉलमध्ये कळलं, आणि कळून बरं वाटलं असं अजिबात नाही. तू तिची चादर दुसऱ्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त वेळा बदललीस. तिच्या जागी अनोळखी कुणी असती तर तिची चादर तशीच राहिली असती, आणि कुणाच्या तरी डोळ्यात भरली असती. ती तुझी भाची होती.

निघताना मी डॉक्टरबाईंना ढालीचं विचारलं. कुणी काढली? त्यांनी शिडीकडे पाहिलं. शिडी म्हणाली, "सिस्टरांनीच. जायच्या आदल्या आठवड्यात. स्टुलावर चढून स्वतः काढली आणि खाली भंगारात ठेवली. आम्ही म्हटलं अहो सिस्टर, हे काय, तर म्हणाल्या, 'धूळ बसते तिच्यावर.'"

म्हणजे तुला कळलं होतं. माझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. मग मला का सांगितलं नाहीस? याचं उत्तर पाठव. येऊ नकोस हवं तर, पण याचं उत्तर पाठव.

ताई


१० एप्रिल

तुझं उत्तर तीनदा वाचलं. "सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस. मला ते नको होतं."

लहानपणी शिक्षा झाली की तू कोपऱ्यात उभी राहायचीस, आणि आईने बस म्हटलं तरी बसायची नाहीस. तशीच राहिलीस.

मी तुला समजून घेतलं असतं की नाही, माहीत नाही. तू धरून चाललीस. मला वाटतं नसतं घेतलं. मी चिडले असते, बोलले असते, आणि कदाचित ते तुला बरं पडलं असतं. आता चिडायला अंगात त्राण नाही. पोरीच्या मागे धावून दिवस संपतो. ती विचारते, माझी आई कुठे आहे, मी सांगते, फोटोत आहे. ती म्हणते, तिला बाहेर काढ.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कपडे पोरीला बसतात. ते खरं नव्हतं. पार्सलं मी उघडलीच नव्हती, माळ्यावर टाकली होती. परवा काढली. पहिल्या वर्षाचं झबलं तिच्या बाहुलीला घातलंय. दुसऱ्या वर्षाचा फ्रॉक तोकडा होतो. यंदाचा पांढरा, निळ्या काठाचा, तो बसला. इतकी कडक इस्त्री की ती म्हणाली, "आजी, हा उभा राहतो बघ," आणि खरंच जमिनीवर उभा करून ठेवला.

आता कामाचं.

काल पुन्हा धाकटीला घेऊन वॉर्डात गेले होते. बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडं होतं. एक बाई नुकतीच मोकळी झाली होती. झोळी लावलेली होती. पण ती लावायच्या आधीचा सगळा कपडा आयाबाईने गुंडाळून ट्रॉलीत टाकून ट्रॉली थेट धुलाईला नेली. बिचारीचा वाईट हेतू काहीच नाही, तिला खोली आवरायची होती. शिडी मागून धावली, धुलाईच्या ढिगातून कपडे उपसत होती आणि ओरडत होती, यातला आपला कुठला, यातला आपला कुठला. कुणाला सांगता येईना. त्या बाईचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या कुणाचंही बिघडलं असतं.

धाकटी हे सगळं बाकड्यावर बसून बघत होती. घरी आल्यावर पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटते." एवढीशी होती तेव्हा म्हणायची तसं म्हणाली.

तिला मी काय सांगणार? झोळी आहे, रेघा आहेत, घंटा आहे, डॉक्टरबाई आहेत. पण त्या खोलीतले हात तुझे आहेत. तूच शिकवलेले. ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत.

मागे मी लिहिलं होतं की माझं मत यात धरू नये. आता धर. मी बोलावते आहे. तू येऊन काही करायचं नाहीस. खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि कुणाचा हात चादरीला गेला की तू, इस्त्री, तू म्हणायचंस की राहू दे.

तुला ते जमेल की नाही, मला शंका आहे. पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते चालणार नाही.

ताई


४ मे

इस्त्री,

"येते. वॉर्डात पाय ठेवणार नाही. घरी पोरीला सांभाळीन." बरं. एवढंही पुष्कळ.

मला तुला घ्यायला येता येणार नाही, पोर गर्दीत हात सोडते. स्टँडवरून रिक्षा कर, घासाघीस करू नकोस. किल्ली शेजारी असते. शेजारीण बोलघेवडी आहे, सगळं विचारेल. तू नुसती मान हलव.

पलंगावर चादर मी स्वतः घातली आहे. सुरकुत्या आहेत. काढू नकोस.

ताई


२३ मे

इस्त्री,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. धाकटी बरी आहे. हिमोग्लोबिन अजून कमी आहे, गोळ्यांनी तोंड वाकडं करते. बाळ दूध पितं आणि झोपतं. पोरगा रडायला लागला की जावई त्याच्यासमोरही उलटे चालतात.

झालेलं सगळं तुला माहीत आहे. मी पुन्हा कशाला लिहू? पण तू आत होतीस आणि मी बाहेर, म्हणून थोडं लिहिते. आता बाळंतिणीबरोबर एकच बाईमाणूस आत सोडतात आणि धाकटीने तुझं नाव सांगितलं. मला वाईट वाटलं, ते असू दे. पण त्या दाराला गोल काच आहे.

सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा तू पोरीला दात घासायला लावत होतीस. धाकटी दारात उभी राहिली, एक हात चौकटीला, आणि म्हणाली, "मावशी, चप्पल घाल." तू ब्रश पोरीच्या हातात दिलास आणि चप्पल घातलीस. मला वाटलं होतं तासभर समजूत घालावी लागेल.

काचेतून मला फक्त तुझी पाठ दिसत होती. खुर्ची दिली होती तरी तू बसली नव्हतीस. हात मागे घेतले होतेस आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतंस.

बाळ रडल्याचं ऐकलं. शेजारी बसलेल्या बायका माझं अभिनंदन करायला लागल्या. मी त्यांना हाताने थांबवलं. माझ्या दृष्टीने अजून काही झालं नव्हतं. थोरलीचंही बाळ असंच रडलं होतं.

मग आतल्यांच्या हालचाली बदलल्या. शिडी वाकली, झोळीकडे बघत राहिली. आयाबाईचा हात चादरीला गेला. तुझी पाठ हलली. तू काय म्हणालीस ते काचेतून ऐकू आलं नाही, पण आयाबाईने हात असा मागे घेतला जसा तापल्या तव्यावरून घेतात. धाकटीने मला नंतर सांगितलं. तू म्हणालीस, "राहू दे. हिला भिजलेलीच राहू दे. माझी भाची आहे ही."

दोन्ही वाक्यं एकदम का म्हणालीस, असं तिने मला विचारलं. मी तिला सांगितलं, मला माहीत नाही.

घंटा वाजली. एवढीशी घंटा, शाळेतल्या शिपायाच्या हातातली असते तशी. डॉक्टरबाई माझ्या अंगावरूनच आत गेल्या. कुणीतरी पोट चोळत होतं, कुणी इंजेक्शन भरत होतं, सलाईनची दुसरी बाटली आली, रक्ताच्या पिशव्या खालून वर आल्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. आणि या सगळ्यांच्या मध्ये धाकटी ओरडत होती, ते मात्र मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"मावशी, मला किळस येतेय, चादर बदल ना!"

आणि तू त्याहून मोठ्याने, "गप पड! बघू दे सगळ्यांना!"

तुझा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदा ऐकला. शेजारची बाई मला म्हणाली, अहो, किती खाष्ट सिस्टर आहे! मी म्हटलं, माझी बहीण आहे.

रक्त थांबलं. मला आत घेतलं तेव्हा ती पांढरीफटक होती, ओठ सुकलेले, केस विस्कटून तोंडावर आलेले. खाली सगळं तसंच होतं, बादली, कपडे, झोळी, आणि शिडी काट्याशी वाकून आकडे मोठ्याने वाचत होती. एवढी घाण मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. गरम होतं. मी विचारलं, थंडी वाजते का? ती म्हणाली, "आई, इथे उकडतंय. तुम्ही सगळ्या जरा लांब व्हा." तेव्हा तू खुर्ची पुढे केलीस आणि मी बसले. तुझ्या मनगटावर बोटांचे वळ होते.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी काही बोललो नाही. तू नंतर चार दिवस राहिलीस. भाज्या चिरल्यास, पडद्यांना इस्त्री केलीस. मी म्हटलं नव्हतं, तरी केलीस. डॉक्टरबाई तुला येऊन भेटल्या, महिन्यातून एकदा येऊन शिकवाल का म्हणाल्या. तू "बघते" म्हणालीस. तुझं बघते म्हणजे काय ते मला माहीत आहे, त्यांना नाही. त्या वाट बघत आहेत. जा म्हणून मी आग्रह करणार नाही. शिडी मात्र सांगत होती की काल आयाबाईने कुणी न सांगता कपडा बादलीत टाकला, आणि वर म्हणाली, सिस्टरांनी स्वतःच्या भाचीलासुद्धा भिजू दिलं.

माझं सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. तसं झालेलं नाही. ती घंटा वाजली तेव्हा पहिला विचार धाकटीचा आला नाही, थोरलीचा आला. हीच घंटा, हीच झोळी, हीच माणसं. ते वाक्य मी पुरं करत नाही. रोज अर्ध्यावर सोडते. तूही सोडत असशील.

एक गोष्ट लिहायची म्हणून हे पत्र घेतलं आणि तीच राहत होती.

तू निघालीस त्या सकाळी पोर तुझा तो पांढरा फ्रॉक घालून बसली होती, आणि तिने दुधाचा पेला अंगावर उलटा केला. सगळा फ्रॉक, खुर्ची, खाली लादी. तुझा हात लगेच गेला. गेला आणि मध्येच थांबला. तू तसाच हात धरून माझ्याकडे पाहिलंस. पोरही माझ्याकडे बघायला लागली, हिला काय झालं म्हणून. आणि मला हसू आलं. तू हसली नाहीस. तुला वाटलं असेल, मी तुला हसले. नाही गं. तीन वर्षांनी तू मला काहीतरी विचारत होतीस, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

मी म्हटलं, "पूस. दूध आहे ते."

तू पुसलंस. आधी पोरीला, मग खुर्ची, मग लादी, कोपऱ्यापर्यंत. मग फ्रॉक काढून धुतलास आणि दोरीवर घातलास, शिवणी ताणून, जशी तू घालतेस. गाडीची वेळ झाली म्हणून इस्त्री राहिली.

फ्रॉक वाळला आहे. चुरगळलेला आहे. मी घडी करून ठेवला नाही, खुंटीला तसाच लावला आहे. पोर रोज विचारते, हा उभा कधी राहणार. मी तिला सांगितलं, मावशी आजी आली की.

ताई